खिऱ्याचं टोक

माझी आत्या असोद्याची. विळी पायाखाली दाबून ती खिरा कापायला बसली की आम्हा पोरांना हात लावायची मुभा नसे. आधी देठाकडचं टोक पेराएवढं कापायचं. मग तोच तुकडा खिऱ्याच्या उघड्या तोंडावर गोल गोल घासायचा, कडेनं पांढरा फेस येईपर्यंत. तो फेस म्हणजे खिऱ्यातलं कडू, असं आम्हाला सांगितलेलं. फेस पुसून, साल काढून, उभ्या फाका करून, वर तिखटमीठ भुरभुरून मगच ताटली पुढे यायची. ‘तोंड काढल्याबिगर खिरा खायाचा नही,’ हे वाक्य दरवेळी ठरलेलं. श्रावणात पावसानं ताण दिला की वेलावरचे खिरे जास्त कडू निघत, आणि त्या दिवसांत टोकही जरा मोठं कापलं जाई.

पुढे शाळेच्या पुस्तकात बहिणाबाई चौधरींची ‘संसार’ आली. खिरा म्हणजे काकडी, एवढा शब्दार्थ फळ्यावर लिहिला गेला आणि वर्ग पुढच्या कडव्याकडे वळला. मला मात्र विळी दिसत राहिली, तो फेस दिसत राहिला. कविता कोणी लिहिली, कधी लिहिली, हे तेव्हा डोक्यात शिरलं नाही. ही बाई आमच्या आत्याच्या स्वयंपाकघरात बसून बोलतेय, एवढं पक्कं कळलं.

तसं ते खरंही होतं. बहिणाबाईंचा जन्म 1880 चा, याच असोद्यातला, महाजनांच्या घरातला. तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावच्या चौधरींच्या घरी आल्या. जळगाव ते असोदा हे अंतर बैलगाडीनं सकाळी निघावं आणि न्याहारीला पोचावं इतकंच, पण त्या काळच्या सासुरवाशिणीला तेही परदेशाएवढंच. तरुणपणीच वैधव्य आलं. तीन मुलं, शेत, घरकाम. लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात, चुलीपुढे ओव्या सुचायच्या. मुलगा सोपानदेव आणि घरातली लिहिती माणसं त्या टिपून ठेवायची. 3 डिसेंबर 1951 ला त्या जळगावात गेल्या. सोपानदेवांनी संकोचत संकोचत ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ निघाली. 1961 च्या ‘मानिनी’ चित्रपटानं त्यातली काही गाणी घरोघर नेली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. हा सगळा प्रवास मराठी वाचकाला तोंडपाठ असतो. कविता मात्र पाठ असूनही पुष्कळदा न वाचलेली राहते, आणि त्यातही ‘संसार’ ही सगळ्यात जास्त. लग्नपत्रिकेवर, आहेराच्या घड्याळावर, महिला मंडळाच्या फलकावर इतकी छापली गेलीय की तिच्यावरून नजर घसरून जाते.

म्हणून ती कडव्याकडव्यानं, सावकाश बघू. आठ-आठ अक्षरांच्या ओळी, ओवीच्या जवळची चाल, प्रत्येक कडव्याच्या सुरुवातीला ‘संसार, संसार’ अशी तीच हाक. जात्याचा खुंटा एक फेरा घेऊन पुन्हा हाताशी यावा तशी ही हाक परत येते आणि दर फेऱ्याला नवा दाणा पडतो. पहिल्या फेऱ्यात चूल आहे, तापलेला तवा आहे, आणि भाकरी हाती येण्याआधी हाताला बसणारे चटके आहेत. इथे उपमा वगैरे काही नाही. रोजचा क्रम आहे. भाकरी थापणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, चटका आधी आणि भाकरी नंतर, हे तिला तत्त्वज्ञान म्हणून सांगावं लागत नाही.

पुढची दोन कडवी मला फार हुशार वाटतात. एकात त्या म्हणतात, देवळाच्या कळसाला लोटा म्हणू नका. दुसऱ्यात म्हणतात, गळ्यातल्या हाराला लोढणं म्हणू नका. वाचताना वाटतं, कळसाला लोटा कोण म्हणेल? पण डोळे बारीक करून शिखराकडे बघा. फुगीर पोट, आवळलेली मान, वर टोक. आकारानं कळस म्हणजे लोट्याचाच भाऊ. आणि हार नि लोढणं? दोन्ही गळ्यातच लटकतात. मोकाट, मारकुट्या गुराच्या गळ्यात अडकवलेला लाकडाचा ओंडका म्हणजे लोढणं. ते चालताना गुडघ्यावर आपटतं, म्हणून गुरू पळू शकत नाही. बहिणाबाईंनी जोड्या उगाच जुळवलेल्या नाहीत. ज्या दोन गोष्टी दिसायला एकमेकींच्या जवळ आहेत, जिथे खरोखर घोटाळा होऊ शकतो, अशाच त्यांनी निवडल्या. एका जोडीत आकार सारखा, दुसरीत जागा सारखी. लांबून बघणारा फसतो. फसणं शक्य आहे हे त्यांना मान्य आहे, म्हणून तर ‘म्हणू नका’ सांगावं लागतं.

इथे एक गंमत. त्यांच्याच ‘मन’ या कवितेत मन म्हणजे उभ्या पिकात शिरणारं ओढाळ गुरू आहे. कितीही हाकला, पुन्हा पिकावर येतं. असल्या गुराला शेतकरी काय करतो? लोढणंच अडकवतो. म्हणजे एका कवितेत गुरू आहे आणि दुसऱ्या कवितेत त्याच्यावरचा उपाय. पण संसाराला त्यांनी तो उपाय मानलं नाही. मनाला आवर घालायला संसार दिलाय, असं म्हणणं सोपं होतं, आणि त्या काळच्या कीर्तनात ते खपूनही गेलं असतं.

या दोन कडव्यांपर्यंत चूक बघणाऱ्याची आहे. कळसात खोट नाही, हारात खोट नाही. नाव ठेवणाऱ्याच्या नजरेत आहे. इथेच कविता थांबली असती तर ती एक चांगली समजूत ठरली असती, ‘वाईट बघू नका’ एवढ्यापुरती. पण चौथ्या फेऱ्यात खिरा येतो आणि सगळं बदलतं. खिरा खरोखरच कडू आहे. नजरेचा दोष म्हणून ते कडू झटकता येत नाही, जिभेवर येतंच. बहिणाबाई ते नाकारत नाहीत. फक्त जागा दाखवतात: देठापाशी, तेवढ्याच भागात, पुढे फळ गोड आहे.

मला या कवितेचं मर्म इथे दिसतं. ‘संसारात सुखदुःख असतंच’ हे कोणीही सांगेल, त्याला असोद्याला जन्मावं लागत नाही. बहिणाबाई मोजमाप करतात. खोट आहे का, हा त्यांचा प्रश्नच नाही, असणारच. ती कुठे आहे, केवढी आहे, तिच्या पलीकडे काय आहे, हे त्या बघतात. विळी कुठे ठेवायची, हे माहीत असलेल्या बाईचं हे बघणं आहे. टोक सोडून मधोमध कापलं तर कडू पसरतं. टोकाला घाबरून खिराच फेकला तर उपाशी राहायचं.

शास्त्रही त्यांच्या बाजूनं आहे. काकडीवर्गातल्या फळांत कुकर्बिटॅसिन नावाची कडू द्रव्यं असतात. ती देठाकडच्या भागात आणि सालीखाली जास्त साठतात. उन्हाचा किंवा पाण्याचा ताण बसला की त्यांचं प्रमाण वाढतं. उंदीर-किड्यांपासून झाडाचा तो बचाव आहे. म्हणजे वेलाच्या बाजूनं बघितलं तर कडू ही खोट नाहीच, ते कुंपण आहे. आत्या घासून जो फेस काढायची, त्यानं किती कडू निघत असेल यावर वाद घालता येईल. टोक कापण्याबद्दल मात्र वाद नाही.

याच खिऱ्याकडे जगानं दुसऱ्या तऱ्हेनंही बघितलंय, ते सांगायचा मोह आवरत नाही. 1988 साली युरोपातल्या देशांच्या बाजारासाठी काकडीचे दर्जे ठरवणारा नियम निघाला. उत्तम दर्जाच्या काकडीनं जवळजवळ सरळ असायला हवं. दहा सेंटिमीटर लांबीमागे दहा मिलिमीटरपेक्षा जास्त कमान चालणार नाही. पेटीत नीट रचता याव्यात, मोजता याव्यात, हा हेतू. व्यापाराच्या दृष्टीनं त्यात चूक काही नाही. 2009 मध्ये तो नियम मागे घेतला गेला, बऱ्याच थट्टेनंतर. पण वीस वर्षं तिथल्या फूटपट्टीनं काकडीचं वाकणं मोजलं, आणि इकडे जळगावच्या निरक्षर बाईनं तिचं कडू मोजलं. वाकडी काकडी खाताना वाकडी लागत नाही, हे ज्याच्या घरी विळी आहे त्याला कळतं. आमच्या असोद्याचं भरताचं वांगंही दिसायला ओबडधोबड, हिरवट-पांढरं, एक दुसऱ्यासारखं नाही. काट्याकुट्यांच्या, पऱ्हाटीच्या जाळावर भाजलं की त्याच्या आकाराची चौकशी कोणी करत नाही. जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही त्याच्या देखणेपणासाठी नक्कीच नाही.

आता भिलावा. माझ्या मते ‘संसार’मधलं सर्वांत धाडसी कडवं हेच, आणि सर्वांत कमी समजलं गेलेलंही. मराठीत भिलाव्याची, म्हणजे बिब्ब्याची, अब्रू फारशी नाही. चांगल्या कामात कोणी खोडा घातला की आपण म्हणतो, बिब्बा घातला. काळं, टणक, हृदयासारख्या आकाराचं फळ. त्याच्या सालीत जहाल तेल. ते अंगाला लागलं तर फोड येतात, माणूस उततो, सुजतो. परटाकडे कपड्यांवर खूण करायला हेच तेल वापरत, कारण ते डाग धुऊन जात नाहीत. संसाराला भिलावा म्हणणं ही शिवीच, आणि बहिणाबाई सांगतात, म्हणू नका. पण कारण काय देतात? भिलावा वाईट नाही, असं त्या म्हणत नाहीत. त्या दोन गोष्टी दाखवतात: याला बाहेर गोड भीमफूल असतं आणि आत गोडंबीचा साठा.

हे नीट समजायला झाड बघायला हवं. बिब्ब्याचं झाड आंब्याच्या आणि काजूच्या कुळातलं. काजूत बी बोंडाच्या बाहेर लोंबते, तसंच इथेही. देठाचा भाग फुगून नारिंगी, मांसल होतो आणि त्याच्या टोकाला काळा बिब्बा बसतो. तो नारिंगी भाग म्हणजे भीमफूल. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणारी माणसं ते भाजून किंवा वाळवून खातात. आणि बिब्बा फोडून आतली पांढरी बी काढली की ती गोडंबी, सुक्या मेव्यातली, बदामाच्या पंगतीतली. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात गोडंबी घालतात. म्हणजे जो मराठी माणूस उठता-बसता ‘बिब्बा घातला’ म्हणतो, त्याच्या जन्माच्या वेळी आईनं त्याच बिब्ब्याची बी खाल्लेली असते!

म्हणजे गोड, विखारी, पुन्हा गोड. मधे विषाची साल आणि तिच्या दोन्ही बाजूंना खाण्याजोगं काहीतरी. खिऱ्यात कडू एका टोकाला होतं, कापून टाकता आलं. भिलाव्यात ते मधोमध आहे. आतल्या गोडंबीपर्यंत पोचायचं तर त्यातून जावंच लागतं. बिब्बे फोडणाऱ्या बायकांचे हात बघितलेत का? तेल उडून काळे डाग पडतात, कातडी सोलवटते. त्या हातांनी काढलेली गोडंबी शहरात किराणा दुकानाच्या काचेच्या बरणीत पांढरीशुभ्र दिसते. पहिल्या कडव्यातला चटका इथे पुन्हा भेटतो. तव्याच्या चटक्यावर तूप लावलं की चार दिवसांत कातडी निवते. बिब्ब्याचा डाग जात नाही.

मग सागरगोट्याची शेंग. हे झुडूप शेताच्या कुंपणाला असतं, गुरांपासून राखण म्हणून. फांदीला आकडे, पानाला आकडे, शेंगेवर तर अंगभर काटे; तळहाताएवढी शेंग हातात धरायची सोय नाही. सुकून ती उकलली की आत एखाद-दोन, क्वचित तीन गोटे, राखाडी, गुळगुळीत, तुकतुकीत. इतके कठीण की दाताला दाद देत नाहीत. समुद्रात पडले तर तरंगत दूरदूरच्या किनाऱ्यांना लागतात आणि तरी आतलं बी जिवंत असतं. आमच्याकडे पोटात दुखलं की सागरगोटा सहाणेवर उगाळून देत. पण तो बायकांना ठाऊक असतो तो खेळातून. एक गोटा वर उडवायचा, तो खाली येईपर्यंत खालचे उचलायचे, आणि येणारा झेलायचा. ओसरीवर दुपारी चार मुली बसल्या की दुसरं काही लागत नसे. संसारात काट्यांच्या आत काय असतं, असं विचारलं तर दुसऱ्या कोणी मोती म्हटलं असतं, अमृत म्हटलं असतं. बहिणाबाईंनी खेळणं सांगितलं. तेराव्या वर्षी लग्न झालेल्या मुलीचं खेळणं. मला हे कडवं वाचताना थोडं थांबावं लागतं. हसू येतं, आणि ते पुरतं येत नाही.

म्हणजे कवितेची चाल अशी दिसते: आधी दोन वेगळ्या वस्तू, ज्यांच्यात बघणाऱ्याचा गोंधळ होतो. मग एकच वस्तू, दोन टोकांची. मग एकच वस्तू, जिच्यात विष आणि गोडी घडी घातल्यासारखी एकाआड एक. शेवटी काटे आणि त्यांच्या आत खेळ. प्रत्येक पायरीला खोट वस्तूच्या जास्त आत शिरत जाते, आणि बाई मागे हटत नाहीत. यानंतर शब्द येतात ते बाजारातले: रोख, उधार, व्यापार, विसार. जिनिंगला कापूस घालणाऱ्या, सावकाराशी हिशोब असलेल्या घरातले हे शब्द. मोजमाप म्हणतोय ते यासाठीच. शब्दही मापाऱ्याच्या तोंडचे आहेत.

इतकं अचूक बघणाऱ्या बहिणाबाईंचा खोपा मात्र या बाबतीत वेगळा. सुगरणीच्या खोप्यावरची त्यांची कविता सगळ्यांना आवडते, मलाही. पण तिथे एक कानकोंडी गोष्ट आहे. खोपा विणणारी सुगरण नसते, विणतो नर. सालिम अलींनी 1930 च्या सुमारास किहीमला सुगरणींच्या वसाहतीचा बारकाईनं अभ्यास केला. नर अर्धाच खोपा विणतो, टोपीसारखा. माद्या येऊन तपासतात. एखादीला पटला तर तो पुरा करतो, आणि लगेच दुसऱ्या मादीसाठी दुसरा खोपा सुरू करतो. न पटलेले अर्धे खोपे तसेच वाऱ्यावर हलत राहतात. म्हणजे ज्या पाखराच्या नावातच आपण गृहिणी बसवली, त्याच्या घरात घरबांधणीचं काम पुरुषाचं. या माहितीनं कविता पडत नाही. तिचा जोर कोण विणतं यावर नाही, कशानं विणतं यावर आहे: एवढ्याशा चोचीवर सगळा कारभार, आणि माणसाला दोन हात नि दहा बोटं मिळूनही तो काय करतो? टोला माणसाला आहे.

आकाराचं म्हणाल तर खोपाही बेढबच. मधे फुगलेला, एका अंगाला अंड्यांची खोली, दुसऱ्या अंगाला लांब नळी, खाली तोंड. बाभळीच्या किंवा शिंदीच्या टोकाला, विहिरीवर झुकलेल्या फांदीला टांगलेला. उलट्या लटकणाऱ्या मोज्यासारखा दिसतो. पण सापाला त्या नळीतून वर जाणं अवघड, आणि एका बाजूच्या खोलीमुळे वाऱ्यात हेलकावे खाऊनही अंडी बाहेर पडत नाहीत. आत मातीचे गोळे थापलेले असतात, बहुधा तोल राखायला. सरळ, समान, सुबक घरटं विणलं असतं तर पिल्लं सापानं खाल्ली असती.

आता कोणी म्हणेल, बहिणाबाईंना सगळंच गोड दिसतं. तसं नाही, आणि हे सांगितल्याशिवाय ‘संसार’ नीट वाचता येत नाही. कशाला काय म्हणू नये, याची यादी करणारी त्यांची दुसरी कविता आहे. तिथे त्या कठोर आहेत. उलून आत कापूस न निघणाऱ्या बोंडाला त्या बोंड म्हणायला तयार नाहीत. अशाच आणखी कितीतरी वस्तू आणि माणसं त्यांनी तिथे नावावरून खाली उतरवलीत. ‘म्हणू नका’ हेच शब्द दोन्हीकडे. पण ‘संसार’मध्ये ते वाईट नाव काढून घेतात आणि इथे चांगलं.

हे एकमेकांविरुद्ध वाटेल. कापूस पिकवणाऱ्याला वाटणार नाही. खिऱ्याच्या टोकाला कडू असलं तरी खिरा खिऱ्याचं काम करतो. बोंडात कापूसच नसेल तर बोंड राहतंच कुठे? आमच्याकडे अशा पाकळीला कवडी म्हणतात. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं महाराष्ट्रातल्या कपाशीची दैना केली तेव्हा बाहेरून चांगली दिसणारी बोंडं हातात घेतली की आत सडलेली कवडी निघे. बाहेर एक काटा नाही, एक डाग नाही. शेतकरी ते बोंड दोन बोटांत दाबून बघायचा आणि काही न बोलता खाली टाकायचा. सागरगोट्याच्या शेंगेच्या हे नेमकं उलट. बहिणाबाईंनी दोन्ही हातात घेऊन पाहिलेलं आहे, म्हणून त्यांना एकीला सांभाळता येतं आणि दुसऱ्याला टाकता येतं. नुसता वाकडेपणा त्यांना चालतो. पोकळपणा चालत नाही.

आणि तरीही ‘संसार’बद्दल एक तक्रार माझ्या मनात राहतेच. ही कविता मुलींना ऐकवली जाते, मुलांना क्वचित. सोस, पुढे गोडी आहे, असा तिचा निरोप करून टाकला गेलाय. कवितेत तसं नाही. दोन्ही जिवांचा विचार त्यात आहे, व्यापार दोघांचा आहे. पण चटका कोणाच्या हाताला, हे पहिल्या कडव्यानं सांगून टाकलेलं असतं, आणि ऐकणारे तेवढंच घेऊन उठतात. कवीचा दोष किती आणि ऐकणाऱ्याचा किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. एवढं खरं की स्वतः बहिणाबाई सोसण्याला देखणं करून दाखवत नाहीत. ज्योतिषाला दारातून परत पाठवणारी त्यांची कविता वाचा. कुंकू पुसलं गेल्यावर त्याखाली दडलेली कर्माची रेघ उघडी पडते, असं तिथे येतं. शेंगेचे काटे, भिलाव्याची साल, खिऱ्याचं टोक हे सगळं वाचणारी ही बाई आपल्या तळहाताच्या रेषा मात्र कोणाला वाचू देत नाही. निसर्गातल्या वाकड्या रेषेतून काही शिकता येतं. माणसाच्या तळहातावर ती कोणी दुसऱ्यानं वाचायची नसते, असा काही भेद त्यांनी मनात केलेला असावा. किंवा साधी गोष्ट असेल: आपलं नशीब काय आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्यासाठी दक्षिणा मोजायची त्यांची तयारी नव्हती.

मोठेपणी एकदा असोद्याला गेलो तेव्हा आत्या थकली होती, पण विळी तीच होती. दुपारची वेळ, अंगणात कपाशीच्या काड्यांची गंजी, कुंपणाच्या वेलावरचा आखूड, पोटाशी फुगलेला, शेपटाकडे वळलेला खिरा तिनं तोडून आणला. मी समोर बसलो होतो, आणि लहानपणी कधी न दिसलेली गोष्ट मला दिसली. तिनं देठाचं टोक कापलं, फेस येईपर्यंत घासलं, आणि मग ते टोक फेकून दिलं नाही. त्याचा एक कपचा दाताखाली धरला, डोळे मिटून चावला. बाकीचा खिरा किती कडू असेल, पुढे अजून किती कापायचं, याचा अंदाज घ्यायची तिची ती रीत होती. मग तिनं विळी पेरभर पुढे सरकवून आणखी एक चकती काढली, बाजूला ठेवली, आणि उरलेल्याच्या फाका माझ्या ताटलीत टाकल्या.

‘गोड हाये,’ ती म्हणाली. ‘खाय.’